शिक्षकांचे बहुमत: स्कूल्स कौन्सिलची वीस वर्षे

संस्थेचा इतिहास लिहिताना तिची घटना सहसा परिशिष्टात जाते. इंग्लंड आणि वेल्समधल्या स्कूल्स कौन्सिलच्या बाबतीत तसे करून चालत नाही, कारण या संस्थेतली सर्वांत धाडसी गोष्ट तिची घटनाच होती. १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झालेल्या या परिषदेकडे शालेय अभ्यासक्रम आणि परीक्षा ही दोन्ही खाती एकत्र आली. खर्चाचा निम्मा वाटा केंद्रीय शिक्षण खात्याने आणि निम्मा स्थानिक शिक्षण प्राधिकरणांनी उचलायचा होता, पण पैशांचा कारभार पाहणारी समिती सोडली तर बहुतेक समित्यांवर बहुमत शिक्षकांच्या प्रतिनिधींचे होते. शिवाय परिषदेने तयार केलेली कोणतीही गोष्ट कोणत्याही शाळेवर बंधनकारक नव्हती. आपल्या कामाची जबाबदारी जास्तीत जास्त त्या त्या शाळेने स्वतः घ्यावी, हे तत्त्व घटनेत नमूद होते. पैसा सरकारचा आणि शब्द शिक्षकांचा, अशी मांडणी त्या काळात इतर देशांत फारशी आढळत नाही. परिषद १९८४ मध्ये गुंडाळली गेली. तेव्हापासून तिचा दाखला बहुधा एकाच कामासाठी दिला जातो: अभ्यासक्रम शिक्षकांच्या हाती सोपवला की काय होते, ते पाहा. हा दाखला मला चुकीचा वाटतो. शिक्षकांना समित्यांमध्ये जागा मिळाल्या, पण अभ्यासक्रम घडवायला लागणारा वेळ आणि परीक्षेवरचा अधिकार फार थोड्या ठिकाणी मिळाला. जिथे या दोन्ही गोष्टी मिळाल्या तिथले काम परिषदेनंतरही टिकले, जिथे नुसते बहुमत मिळाले तिथले विरून गेले. परिषदेच्या वीस वर्षांच्या कामातून निघणारा निष्कर्ष हा आहे, आणि तो रूढ समजुतीच्या जवळजवळ उलटा आहे.

परिषदेआधीची परिस्थितीही समजून घ्यायला हवी, कारण ब्रिटिश शिक्षक पूर्वापार स्वतंत्र होता हीदेखील एक दंतकथाच आहे. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी आणलेल्या सुधारित संहितेनुसार शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेवर ठरत असे. तपासनीस यायचे, मुलांची परीक्षा घ्यायचे आणि निकालाप्रमाणे शाळेला पैसे मिळायचे. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-तपासनीस होते आणि या पद्धतीचे कडवे टीकाकारही होते. ही पद्धत मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडले. १९०५ मध्ये शिक्षण मंडळाने शिक्षकांसाठी सूचनांची पुस्तिका काढली, तेव्हा सूर पुरता बदललेला होता: प्रत्येक शिक्षकाने स्वतः विचार करावा, एवढीच एकरूपता मंडळाला हवी होती. प्राथमिक शाळांनी कोणते विषय शिकवावेत याची सक्तीची यादीही १९२६ मध्ये नियमांतून गेली. १९४४ च्या शिक्षण कायद्याने तर धार्मिक शिक्षण सोडून कोणताच विषय सक्तीचा ठेवला नाही. कागदावर हे पूर्ण स्वातंत्र्य होते. प्रत्यक्षात प्राथमिक शाळेवर अकराव्या वर्षीच्या निवड परीक्षेचे आणि ग्रामर स्कूलवर विद्यापीठांच्या परीक्षा मंडळांचे राज्य चाले. कायदा गप्प होता म्हणून शिक्षक बोलत होते असे नाही, प्रश्नपत्रिका बोलत होती. परिषदेची पुढची सगळी कहाणी या एका वस्तुस्थितीभोवती फिरते, म्हणून ती आधीच नोंदवून ठेवलेली बरी.

१९६० मध्ये क्राउथर अहवालावरील संसदेतल्या चर्चेत शिक्षणमंत्री डेव्हिड एक्लिस यांनी अभ्यासक्रमाला गुप्त बागेची उपमा दिली. त्या बागेत सरकारने डोकावायचे नाही असा संकेत होता, आणि तो मोडायची इच्छा त्यांनी लपवली नाही. दोन वर्षांनी मंत्रालयात अभ्यासक्रम अध्ययन गट उभा राहिला. एक्लिस त्याच्याकडे कमांडो तुकडीच्या नजरेने पाहत, आणि शिक्षक संघटनांना नेमकी तीच धास्ती होती. स्थानिक शिक्षण प्राधिकरणेही बिथरली, कारण आपल्या शाळांत मंत्रालयाचे पाऊल पडणे त्यांनाही नको होते. मंत्रिपदावर आलेल्या एडवर्ड बॉइल यांनी वाद चिघळू न देता सर जॉन लॉकवूड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीच्या शिफारशीवरून स्कूल्स कौन्सिल जन्माला आली आणि सर जॉन मॉड तिचे पहिले अध्यक्ष झाले. थोडक्यात, शिक्षकांचे बहुमत हे कोणा शिक्षणतज्ज्ञाच्या चिंतनाचे फळ नव्हते, तो सत्तेच्या वाटणीतला तह होता. तहातून आलेल्या संस्थेत प्रत्येक पक्ष आपल्या जागा मोजत बसतो. इथेही संघटनांनी जागा मोजल्या, आणि शिक्षकांचे प्रतिनिधित्व म्हणजे संघटनांचे प्रतिनिधित्व असे समीकरण पहिल्या दिवसापासून बसून गेले. परिषद सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबर १९६४ ला, दिल्लीत शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे काम सुरू झाले. त्या आयोगावर लंडनच्या शिक्षणशास्त्र संस्थेचे संचालक एच. एल. एल्विन सदस्य होते. भारताने आयोग नेमला, ब्रिटनने परिषद. आयोग अहवाल देऊन मोकळा होतो, परिषदेला रोजचे काम करून दाखवावे लागते. या फरकामुळेच परिषदेचा इतिहास अधिक शिकवणारा आहे.

ते रोजचे काम म्हणजे प्रकल्प. परिषदेने शंभराहून अधिक प्रकल्पांना पैसा दिला: पाच ते तेरा वयोगटासाठी विज्ञान, प्राथमिक वाचनासाठी 'ब्रेकथ्रू टू लिटरसी', शाळा लवकर सोडणाऱ्या मुलांसाठी भूगोल, स्थलांतरितांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी लीड्स विद्यापीठात तयार झालेले 'स्कोप'. बहुतेकांची घडण सारखीच असे. एखाद्या विद्यापीठात किंवा अध्यापक महाविद्यालयात चार-सहा जणांचा चमू बसायचा, साहित्य लिहायचा, निवडक शाळांत ते वापरून पाहायचा, दुरुस्त करायचा आणि प्रकाशकाकडे सोपवायचा. चमूत पूर्वी वर्गात शिकवलेली माणसे असत, चाचणीच्या शाळांतल्या शिक्षकांचे म्हणणेही ऐकले जाई. पण देशातल्या बाकी सर्व शिक्षकांच्या दृष्टीने ती शेवटी बाहेरून आलेली पेटीच होती. शिक्षकांचे बहुमत असलेल्या संस्थेने शिक्षकांना ग्राहक बनवावे, यातला विरोधाभास त्या काळी फारसा कोणाला बोचला नाही. अनेक शाळांत ही साहित्याची पेटी कपाटात राहिली याबद्दल पुढे शिक्षकांच्या आळसाला दोष देण्यात आला. ज्या कामात आपला हात लागला नाही ते काम शिक्षकाने आपले का मानावे, हा साधा प्रश्न त्या टीकेत राहून गेला.

तो प्रश्न ज्यांनी नेमका ओळखला ते लॉरेन्स स्टेनहाउस याच परिषदेच्या एका प्रकल्पाचे संचालक होते. १९६७ मध्ये नफील्ड प्रतिष्ठान आणि परिषद यांनी मिळून सुरू केलेला ह्युमॅनिटीज करिक्युलम प्रोजेक्ट चौदा ते सोळा वयाच्या, परीक्षेच्या शर्यतीत मागे पडलेल्या मुलांसाठी होता. शाळा सोडण्याचे किमान वय पंधरावरून सोळावर जाणार होते, आणि या वाढीव वर्षात त्या मुलांना शिकवायचे काय, ही शाळांची मोठी चिंता होती. युद्ध, कुटुंब, दारिद्र्य, स्त्री-पुरुष संबंध, कायदा आणि सुव्यवस्था असे समाजात खुद्द मोठ्यांचे एकमत नसलेले विषय प्रकल्पाने निवडले. कात्रणे, छायाचित्रे, कविता, अहवाल असा ऐवज वर्गात ठेवायचा, मुलांनी चर्चा करायची आणि शिक्षकाने तटस्थ अध्यक्षाची भूमिका घ्यायची, आपले मत लादायचे नाही. बॅरी मॅकडोनल्ड यांनी केलेल्या मूल्यमापनातून एक गोष्ट ठळक झाली: तेच साहित्य वेगवेगळ्या शाळांत गेले की त्याचे वेगवेगळे काहीतरी होते. मुख्याध्यापक, शाळेची शिस्त, शिक्षकाची तयारी यांवर सगळे अवलंबून असते. स्टेनहाउस यांनी यातून जो अर्थ काढला तो क्रांतिकारक होता. साहित्य आणखी चोख करून हा फरक पुसता येणार नाही, त्यामुळे अभ्यासक्रम हा वर्गात तपासून पाहायचा प्रस्ताव मानला पाहिजे आणि तपासणारा संशोधक शिक्षकच असला पाहिजे. १९७५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने हा विचार जगभर नेला, आणि नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये उभे राहिलेले केंद्र कृतिसंशोधनाचे माहेरघर ठरले. आपल्याकडे बी.एड.च्या विद्यार्थ्याला कृतिसंशोधनाचा अहवाल लिहावा लागतो. त्या प्रथेला अमेरिकी उगमही आहेत, पण शिक्षकाला संशोधक मानणारी तिची बाजू नॉरिचची आहे, मग आपल्याकडच्या अहवालांत ती कितीही पुसट झालेली असो.

याच प्रकल्पाने परिषदेच्या घटनेतली फटही उघडी पाडली. वंश या विषयावरचा संच तयार होता, वर्गांत वापरून झाला होता, शिक्षकांनी तो हाताळला होता. १९७२ मध्ये परिषदेच्या समितीने तो प्रकाशित करायला नकार दिला. विषय स्फोटक होता हे खरे. खासदार इनॉक पॉवेल यांच्या १९६८ च्या स्थलांतरविरोधी भाषणाला तेव्हा चारच वर्षे झाली होती आणि अशा विषयावर शिक्षकाने तटस्थ राहावे का, हा आक्षेपही क्षुल्लक नव्हता. तरीही घडले ते असे, की वर्गातल्या शिक्षकांनी पारखलेले काम शिक्षकांचे बहुमत असलेल्या परिषदेने अडवले. संघटनेचा प्रतिनिधी शिक्षकांच्या वतीने बोलतो यात शंका नाही, पण तो वेतन, सेवाशर्ती आणि व्यवसायाची लोकांतली प्रतिमा सांभाळण्यासाठी निवडून आलेला असतो. इतिहासाचा तास कसा घ्यावा यासाठी त्याला कोणी मत दिलेले नसते. संघटनांना दूषण देण्याचे यात काहीच कारण नाही, त्यांनी त्यांचे काम केले. चूक झाली ती त्यांच्या उपस्थितीलाच शिक्षकांचा सहभाग मानण्यात.

आता जे टिकले त्याकडे येऊ. १९६५ मध्ये सोळाव्या वर्षीची सीएसई ही नवी परीक्षा सुरू झाली. विद्यापीठांच्या मंडळांच्या ओ-लेव्हलपर्यंत न पोचणाऱ्या मुलांसाठी ती होती. तिची १४ प्रादेशिक मंडळे शिक्षकांच्या नियंत्रणाखाली होती. शाळेपुढे तीन मार्ग असत. पहिल्यात अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही मंडळाची. दुसऱ्यात अभ्यासक्रम शाळेचा, परीक्षा मंडळाची. तिसऱ्या मार्गात, म्हणजे मोड थ्रीमध्ये, अभ्यासक्रम शाळेचा, प्रश्नपत्रिका शाळेची, गुणही शाळेचेच, आणि मंडळाकडे फक्त इतर शाळांशी ताडून पाहण्याचे काम. हे ताडणे म्हणजे परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून एकमेकांच्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहणे, एखाद्या निबंधाला दुसरी श्रेणी का आणि तिसरी का नाही यावर वाद घालणे. शिक्षकाला अभ्यासक्रमाची इतकी कसून तालीम देणारी दुसरी व्यवस्था दाखवणे अवघड आहे. तिच्यावरचा ठरलेला आक्षेप असा, की आपल्याच मुलांना आपणच गुण देणारा शिक्षक ढिला पडणार. धोका खरा होता, आणि मालकांनी, पालकांनी मोड थ्रीच्या प्रमाणपत्राकडे संशयाने पाहिले हेही खरे. पण बाहेरच्या परीक्षकालाही दोन परीक्षकांतला फरक, एका मंडळाचा दुसऱ्या मंडळाशी मेळ, हे प्रश्न सुटलेले नव्हते, ते फक्त बंद दाराआड होते. मोड थ्रीमध्ये ते उघड्यावर, टेबलावर आले आणि म्हणून अधिक दिसले. पुढे ओ-लेव्हल आणि सीएसई एकत्र करून जीसीएसई आली. सोळाव्या वर्षी एकच परीक्षा असावी ही सूचना परिषदेने सत्तरच्या दशकातच केली होती, सरकारने ती अमलात आणून पहिली परीक्षा घ्यायला १९८८ साल लावले. त्या नव्या परीक्षेत वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन शिक्षकांनी करण्याची जी पद्धत आली, ती सीएसईच्या अनुभवावरच उभी होती. नव्वदच्या दशकात जॉन मेजर यांच्या सरकारने तिच्यावर कात्री चालवली, ती गोष्ट वेगळी.

परिषदेच्या प्रकल्पांतही हाच नियम दिसतो. १९७२ मध्ये लीड्स येथे डेव्हिड सिल्व्हेस्टर यांच्या नेतृत्वाखाली तेरा ते सोळा वयासाठी इतिहासाचा प्रकल्प सुरू झाला. राजांच्या सनावळ्या पाठ करण्याऐवजी मुलांनी साधने वाचावीत, दोन साधनांतला विरोध ओळखावा, कारण आणि परिणाम यांचा माग काढावा, आपल्या गावातली एखादी जुनी वास्तू अभ्यासावी, असा त्याचा रोख होता. वैद्यकशास्त्राचा प्राचीन काळापासूनचा इतिहास हा त्यातला विषय ब्रिटिश शाळांत आजही शिकवला जातो. हा प्रकल्प का टिकला आणि त्याच्याइतकेच कल्पक अनेक प्रकल्प का विसरले गेले? साहित्य सरस होते हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे, की प्रकल्पाने सुरुवातीपासून स्वतःची परीक्षा मिळवली. साधनांवर आधारित प्रश्न प्रश्नपत्रिकेत आले, तेव्हा साधने वाचायला शिकवणारा शिक्षक आपल्या मुलांचे नुकसान करत नाही याची खात्री पालकांना, मुख्याध्यापकांना आणि खुद्द त्या शिक्षकाला मिळाली. सोबत शिक्षकांचे प्रादेशिक गट होते, ते भेटत राहिले. परिषद बंद झाली तरी स्कूल्स हिस्टरी प्रोजेक्ट या नावाने हे काम चालूच राहिले.

अशा भेटींसाठी जागा हवी, आणि ती शिक्षक केंद्रांनी दिली. नफील्डच्या गणित प्रकल्पाने चालना दिली, परिषदेने १९६७ मध्ये त्यावर टिपण काढले, स्थानिक प्राधिकरणांनी जुन्या शाळा, रिकाम्या खोल्या दिल्या, आणि सत्तरच्या दशकात देशभर पाचशेहून अधिक केंद्रे चालू होती. महाराष्ट्रातल्या वाचकाला केंद्रप्रमुख आणि केंद्रस्तरीय शिक्षण परिषद यांची आठवण येईल, पण दिशा वेगळी होती. आपल्याकडे परिषदेचा विषय वरून परिपत्रकाने येतो, तिथे तो बहुधा शिक्षकांच्या समितीने ठरवलेला असे. मात्र केंद्रातली कामे प्रामुख्याने शाळा सुटल्यावर होत, आणि त्यासाठी वेळेची तरतूद नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात वेतनावरून दीर्घ संघर्ष पेटला, तेव्हा शिक्षकांनी पहिल्यांदा हेच जादा काम थांबवले. १९८७ मध्ये सरकारने कामाच्या अटी कायद्याने बांधल्या: वर्षाला १९५ दिवस, त्यांत १२६५ तास मुख्याध्यापक सांगेल ते काम. तोपर्यंत अभ्यासक्रम घडवण्याचे काम किती जण फुकट करत होते, याची अप्रत्यक्ष कबुलीच त्या आकड्याने दिली.

परिषदेविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप उत्तरदायित्वाचा होता, आणि तो टाळता येणार नाही. शाळा करदात्यांच्या पैशावर चालते, मुले पालकांची असतात, मग काय शिकवायचे हे शिक्षकांनीच का ठरवावे? लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या विल्यम टिंडेल या शाळेत काही शिक्षकांनी मुलांना काय शिकायचे याची जवळजवळ मोकळीक दिली, पालकांनी मुले काढून घेतली, वृत्तपत्रांनी रान उठवले, आणि १९७६ मध्ये रॉबिन ऑल्ड यांच्या चौकशी अहवालाने शिक्षक, व्यवस्थापक आणि प्राधिकरण या सर्वांवर ठपका ठेवला. त्याच वर्षी शिक्षण खात्याच्या गोपनीय टिपणात स्कूल्स कौन्सिलची कामगिरी सुमार ठरवली गेली आणि १८ ऑक्टोबरला पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन महाविद्यालयातल्या भाषणात शाळेत काय शिकवले जाते हा सर्व समाजाचा विषय असल्याचे सांगितले. कॅलहॅन यांचे मूळ म्हणणे मला मान्य आहे. पण टिंडेलवरून परिषदेवर खटला उभा राहत नाही. त्या शाळेतल्या शिक्षकांनी आपले काम शेजारच्या शाळांच्या शिक्षकांसमोर तपासायला ठेवले नव्हते, आणि मोड थ्रीच्या बैठका नेमके तेच करायला लावत. बंद दाराआडचा एकटा शिक्षक आणि परस्परांच्या वह्या तपासणारा शिक्षकांचा गट यांना एकाच मापाने मोजणे हा त्या वादातला मोठा अन्याय होता. १९७८ मध्ये परिषदेची घटना बदलून शिक्षकांचे वजन कमी केले गेले. नॅन्सी ट्रेनमन यांनी सरकारसाठी परिषदेचा आढावा घेऊन १९८१ मध्ये तिच्या दोषांसकट ती चालू ठेवावी असे सुचवले. पुढच्याच वर्षी शिक्षणमंत्री कीथ जोसेफ यांनी ती बंद करण्याचे जाहीर केले. परीक्षा एका मंडळाकडे गेल्या, अभ्यासक्रम दुसऱ्याकडे, दोन्हींवर मंत्र्यांनी नेमलेली माणसे आली, आणि अभ्यासक्रम व परीक्षा यांना एका छताखाली ठेवण्याची लॉकवूड समितीची शहाणी सूचना त्यासोबत गेली.

१९८८ च्या केनेथ बेकर यांच्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला: इंग्रजी, गणित, विज्ञान हे गाभ्याचे विषय, आणखी सात पायाभूत विषय, प्रत्येकासाठी साध्यांची यादी, ठरावीक वयाला राष्ट्रीय चाचण्या. त्याच्या बाजूचा एक युक्तिवाद माझ्या भूमिकेला खरोखर अडचणीत आणतो. शिक्षकांच्या स्वातंत्र्याच्या काळात बर्मिंगहॅममधल्या एका मुलीला विज्ञान मिळेल की नाही हे ती कोणत्या शाळेत पडते यावर ठरे, आणि गरीब वस्तीतल्या, स्थलांतरितांच्या मुलांच्या वाट्याला अनेकदा कमी दर्जाचे विषय येत. राष्ट्रीय अभ्यासक्रमाने किमान हक्काची हमी दिली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण सर्वांना विज्ञान मिळावे हे संसदेने ठरवणे वेगळे आणि सातवीच्या तासात काय बोलायचे याच्या जाडजूड फायली शाळेत पाठवणे वेगळे. त्या फायलींचे काय झाले ते लवकरच दिसले. चौदा वर्षांच्या मुलांच्या चाचण्यांवर १९९३ मध्ये शिक्षकांनी बहिष्कार टाकला, लंडनच्या वॉन्ड्सवर्थ प्राधिकरणाने संघटनेला न्यायालयात खेचले आणि ते हरले. सर रॉन डिअरिंग यांना आढाव्यासाठी बोलावावे लागले. त्यांनी सक्तीचा मजकूर इतका कापला की सुमारे पाचवा हिस्सा वेळ शाळांच्या हाती परत आला, आणि पाच वर्षे नवे बदल नकोत असे सांगितले. शिक्षकांना बाहेर ठेवून बनवलेला अभ्यासक्रम पाच वर्षे धड चालला नाही आणि तो निस्तरायला त्यांच्याच निर्णयबुद्धीचा आधार घ्यावा लागला. परिषदेच्या अपयशाचे दाखले देणारे हा दाखला क्वचितच देतात.

वेल्सने आता पुन्हा शिक्षकांकडे मोहरा वळवला आहे. ग्रॅहम डोनाल्डसन यांच्या २०१५ च्या अहवालानंतर तिथे निवडक अग्रणी शाळांतल्या शिक्षकांनी नव्या अभ्यासक्रमाची चौकट तयार केली, सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली, आणि त्या चौकटीत आपल्या शाळेचा अभ्यासक्रम प्रत्येक शाळेने रचायचा आहे. स्कूल्स कौन्सिलच्या घटनेतले जुने तत्त्व साठ वर्षांनी कायद्यात आले म्हणायचे. या वेळी जागांची मोजणी कमी आणि शाळांचे काम अधिक आहे, ही सुधारणाच. परीक्षा मात्र मागून आली: नव्या चौकटीला जुळणाऱ्या जीसीएसईचे वर्ग सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले, आणि त्या प्रश्नपत्रिका काढणार परीक्षा मंडळच. वेल्सच्या शाळांनी स्वतः रचलेल्या अभ्यासक्रमांपैकी किती या पहिल्या परीक्षांनंतर रचले तसेच राहतात, ते या दशकाच्या अखेरीस मोजता येईल.